सतरा नंबरचं दळण

अंजनाबाई गजभिये १९९६च्या जूनमध्ये नागपूरहून मुलाकडे अमेरिकेत राहायला आल्या, तेव्हा शिकागोच्या विमानतळावर त्यांची बॅग उघडली गेली. आतून दोन किलो पापड, तिखटाची बरणी, तीन लुगडी आणि एक लोखंडी टाकी निघाली. टाकी म्हणजे जात्या-पाट्याला टाके घालायची वीतभर छिन्नी. सोबत तिची हातोडीही होती. अधिकाऱ्यानं ती वस्तू दोन बोटांत धरून भुवयांनीच विचारलं, हे काय? अंजनाबाईंना इंग्रजी येत नव्हतं, पण प्रश्न कळला. त्यांनी टाकी त्याच्या हातातून घेतली, हातोडी उचलली आणि त्याच्याच टेबलावर प्रात्यक्षिक सुरू केलं. दुसऱ्या ठोक्याला त्यानं घाईघाईनं बॅगेची चेन लावून दिली आणि "वेलकम" म्हणून सुटका करून घेतली.

गाडीत बसल्यावर एकनाथ म्हणाला, "आई, टाकी कशाला आणली?"

"पाटा असंल ना घरी?"

"नाही."

"मंग जातं?"

"आई, मिक्सर आहे."

"असू दे," अंजनाबाई म्हणाल्या, "थोही कधीतरी बोथट होईनच."

एकनाथचं घर मिशिगनमधल्या वेस्टरडाइक या छोट्या गावात होतं. तो ऑफिसच्या खुर्च्या बनवणाऱ्या कंपनीत इंजिनियर, सून सुवर्णा हॉस्पिटलच्या लॅबमध्ये. सकाळी आठला दोघं आपापल्या गाड्यांत बसून जात आणि मग अंजनाबाई आणि यंत्रं एवढीच घरात उरत. भांडी घासायला यंत्र, कपडे धुवायला यंत्र, वाळवायला वेगळं यंत्र, अंगणातली पानं उडवायला यंत्र. नुसतं बसून राहण्याचं काम तेवढं माणसासाठी शिल्लक होतं आणि ते घरच्यांनी एकमतानं अंजनाबाईंना दिलं होतं. "आई, तुम्ही आता फक्त आराम करा," असं सुवर्णा रोज प्रेमानं सांगे. चौऱ्याहत्तर वर्षांत ज्या बाईला आराम कसा करतात ते कुणी शिकवलं नव्हतं, तिनं तो एकदम कसा करावा? त्यांनी दोन महिने प्रयत्न केला. तिसऱ्या महिन्यात त्या धुतलेली भांडी यंत्रातून काढून पुन्हा हातानं घासताना सापडल्या.

त्यांना या आरामातून सोडवलं ते नातीनं. पायल तेवीस वर्षांची, जन्मानं अमेरिकन. जुन्या इमारतींच्या जतनाचं शिक्षण घेतलं म्हणून एकनाथनं वर्षभर कपाळाला हात लावला होता. पण तिला गावच्या कचेरीतच नोकरी लागली, जुन्या वास्तूंच्या विभागात. त्या विभागात एक टेबल, एक पायल आणि एक फाइल होती. फाइल होती पवनचक्कीची.

ही पवनचक्की गावाच्या टोकाला टेकाडावर उभी होती. १८८२ साली हॉलंडहून आलेल्या दोन सुतार भावांनी ती बांधली. लाकूड इथलं, पण दळायचे दगड बोटीतून तिकडून आणलेले. या दोघा मुलांवर फारसा विश्वास नसलेल्या त्यांच्या आईनं म्हणे निघताना बजावलं होतं, की कपडे विसरा, दगड विसरू नका. पुढं पन्नास वर्षं साऱ्या पंचक्रोशीचं गहू आणि राय नावाचं काळसर धान्य वाऱ्यावर दळलं गेलं. मग वीज आली, शहरातून पांढरंशुभ्र पीठ कागदी पिशव्यांतून यायला लागलं आणि चक्की थांबली. एका वादळात तिचे दोन पंख गेले. शहात्तर साली देशाला दोनशे वर्षं झाली, त्या उत्साहात गावानं पंख पुन्हा बसवले. तेव्हापासून दर रविवारी पंख फिरत, लोक फोटो काढत आणि आतले दगड गप्प बसून असत.

चक्कीची देखभाल करायचा गेरिट हूक्स्ट्रा. वय एक्क्याऐंशी, बांधणाऱ्या भावांपैकी धाकट्याचा नातू. लाकडी चाकांच्या दातांना मेण आणि चरबी चोळायची, पंखांवरची शिडं शिवायची, वारा फिरला की साखळी ओढून चक्कीचं आख्खं डोकं वाऱ्याकडे वळवायचं, ही त्याची कामं. कबुतरांना शिव्या देणं हे जादा काम, तेही तो विनातक्रार करी. पण गावच्या समितीच्या सभासदांना आता कंटाळा आला होता. नुसते पंखच फिरवायचे तर मोटार लावू, दगड काढून फाटकाशी शोभेला ठेवू आणि त्या मजल्यावर भेटवस्तूंचं दुकान काढू, असा ठराव आला. पायलनं धडपड करून मुदत मिळवली. मे महिन्याच्या पहिल्या शनिवारी वाऱ्यावर माणसांनी खाण्याजोगं पीठ निघालं, तर चक्की चक्की राहील. नाहीतर दुकान.

अडचण एकच होती. दगड गुळगुळीत झाले होते. त्यांना टाके घालणारी माणसं देशभरात दोन-चार, आणि त्यांच्याकडे दोन वर्षांची रांग. गेरिटला काम येत होतं, पण त्याचे हात आता कॉफीचा कपही दोन हप्त्यांत उचलत.

ऑक्टोबरातल्या एका शनिवारी पायल आजीला चक्की दाखवायला घेऊन गेली. दगडांच्या मजल्यावर वरचा दगड कप्पीनं उचलून उताणा करून ठेवला होता. माणूस झोपेल एवढा रुंद, दोन म्हशींच्या वजनाचा. भोवती दोरी आणि 'हात लावू नये' अशी पाटी. अंजनाबाईंना पाटी वाचता येत नव्हती आणि दोरी त्यांनी कपडे वाळत घालायची समजली. त्या खालून वाकून आत गेल्या, दगडावर तळवा फिरवला आणि जीभ टाळूला लावून च्यक् केलं.

"मॅडम, मॅडम!" गेरिट ओरडत आला.

"याले सांग," अंजनाबाई नातीला म्हणाल्या, "याचा पार गाल झाला. याच्यावर दळण नाई, घसरगुंडी होईन."

"आजी, प्लीज बाहेर ये ना. इट्स लाइक, म्यूझियम आहे हे."

"म्यूझियम नाई, गिरणी हाय. तू काहून हळू बोलून राह्यली?"

पायलनं अवघडून भाषांतर केलं. आजी म्हणते दगड फार गुळगुळीत आहे. गेरिट थबकला. त्यानं म्हातारीकडं नीट पाहिलं आणि काही न बोलता आपला डावा हात उलटा करून तिच्यापुढं धरला. हाताच्या पाठीवर कातडीच्या आत निळे-काळे ठिपके होते, कुणी शाईचं पेन झटकावं तसे. टाकी दगडावर बसते तेव्हा तिचे बारीक कण उडतात आणि कातडीत रुतून बसतात. जन्मभर तिथंच राहतात.

अंजनाबाईंनी पदराखालून आपला डावा हात काढला आणि त्याच्या शेजारी धरला. तिथंही तेच ठिपके होते.

"ओ माय गॉड," पायल म्हणाली. "मला वाटायचं ते गोंदण आहे."

"असं गोंदण कोण काढतं, बाई? हात थरथरणाऱ्यानं?" अंजनाबाई म्हणाल्या. मग गेरिटचा हात खरंच थरथरतोय हे त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी तो आपल्या हातानं हलकेच खाली केला.

दुसऱ्या शनिवारी त्या टाकी घेऊनच आल्या. तिसऱ्यापासून शनिवारची वाट पाहणं बंद झालं. सकाळी ऑफिसला जाताना पायल आजीला चक्कीवर सोडी आणि संध्याकाळी घेऊन जाई, जसं लोक मुलांना पाळणाघरात सोडतात. मिशिगनचा हिवाळा म्हणजे थोडाथोडका प्रकार नव्हे. गेरिटनं रॉकेलचा हीटर आणला. एकनाथचा जुना जाडजूड पार्का कोट लुगड्यावर, पायात बर्फाचे बूट, डोळ्यांवर सुवर्णाचा स्कीइंगचा चष्मा, अशा वेशात अंजनाबाई दगडावर कुशीवर रेलून बसत आणि टक् टक् टक् टक् असा आवाज टेकाडावरून खाली येई. पोस्टमननं एकदा आत डोकावून पाहिलं आणि पुढं आठवडाभर चक्कीचं टपाल तो फाटकाशीच ठेवून गेला.

दोघांना एकमेकांच्या भाषेतलं अक्षर येत नव्हतं, त्यामुळं भांडणं मोकळेपणानं होत. दगड कुठं उंच, कुठं सखल हे कळायला गेरिट एका सरळ फळीला तांबडा रंग फासून ती दगडावरून फिरवी. उंचवट्याला रंग लागे.

"अगं बाई, हा तर गेरू!" अंजनाबाईंना भाचा भेटल्याचा आनंद झाला. पण गेरिटच्या दगडातले चर सरळ रेषेत होते आणि गावाकडच्या गिरणीत ते थोडे वाकडे असत. त्यावरून दीड दिवस अबोला झाला. शेवटी त्याच्या आजोबांची रेषा कायम राहिली आणि बदल्यात कॉफीत साखर किती घालायची हे अंजनाबाईंनी ठरवावं, असा तह झाला. त्यांनी त्याला चिवडा खायला शिकवलं. रोज सकाळी "जयभीम" म्हणायलाही शिकवलं. तो टोपी काढून ते इतक्या गंभीरपणे म्हणे, की पायलला वाटे याला अर्थ कुणीतरी सांगितलेला दिसतो. आजीनंच सांगितला होता, मराठीत.

फेब्रुवारीत अंजनाबाईंना ज्वारी सापडली. गेरिट चिमण्यांना दाणे टाकत होता, कबुतरं वगळून. त्यांनी त्याच्या मुठीतून चार दाणे उचलून दाताखाली फोडले आणि संध्याकाळी एकनाथला दाण्या-वैरणीच्या दुकानात नेलं.

"आई, हे पक्ष्यांचं खाणं आहे!"

"पक्षी मेले का खाऊन?"

दहा पौंडांची पिशवी आली. चक्की चालू झाली की आपल्या हातच्या दगडावर आपली ज्वारी दळायची आणि भाकर थापायची, असं त्यांनी जाहीर केलं. मिक्सरच्या पिठाची भाकर त्यांनी एकदा करून पाहिली होती. ती ताटात आली तीच तुकड्यांनी.

एप्रिल संपत आला. खालचा दगड पुरा झाला होता, वरच्याचा पाव हिस्सा उरला होता. शनिवार चार दिवसांवर आला आणि मंगळवारी पायल हातात गावचं साप्ताहिक नाचवत चक्कीत शिरली.

"आजी, गेस व्हॉट! गेरिटनं अनाउन्स केलं. शनिवारचं पहिलं पीठ तुला! फर्स्ट फ्लावर. सगळ्यांसमोर. तुझं नाव छापलंय, बघ!"

गेरिट मागं उभा राहून हसत होता. त्याची चाळीस वर्षांची टोपी त्यानं त्या दिवशी ब्रशनं साफ केली होती.

अंजनाबाईंची हातोडी थांबली. त्यांनी चष्मा काढला. टाकी पदरानं पुसली, पिशवीत ठेवली.

"पहिलं?" त्यांनी विचारलं.

"हो! सगळ्यात पहिलं."

"मले घरी ने."

घरी त्या खोलीत जाऊन बसल्या. पायलनं दारावर टकटक केली, सॉरी म्हटलं, कशाबद्दल ते माहीत नसल्यामुळं दोनदा म्हटलं. उपयोग झाला नाही. संध्याकाळी जेवताना तिनं बाबांना सगळं सांगितलं. "आय डोन्ट गेट इट. हा ऑनर आहे ना? पहिलं पीठ द्यायचं म्हणजे?"

एकनाथ चावता चावता थांबला. घास गिळून तो पाणी प्यायला.

"पायल," तो म्हणाला, "पहिलं पीठ आम्हालाच मिळायचं."

मग त्यानं तिला तेवीस वर्षांत न सांगितलेली गोष्ट सांगितली. उमरेडजवळच्या त्यांच्या गावात एक इंजिनाची गिरणी होती. त्याचे वडील तिथं दगड उचलायच्या आणि टाकी लावायच्या कामाला. ते गेले आणि टाकी आईच्या हातात आली. पंधरा दिवसांनी एकदा दगड गिरणीच्या मागच्या अंगणात काढत, आई दिवसभर टाकी लावी. मग त्या दगडावर पाणी शिंपडत आणि तो आत जाई. आई आत जात नसे. गावाबाहेरच्या आमच्या वस्तीचं दळण रोज सगळ्यांत शेवटी, इतरांच्या पिठाला लागू नये म्हणून. पण टाकी लावलेल्या दिवशी मात्र आमचं पहिलं. कारण नव्यानं टाकी लावलेल्या दगडातून पहिल्या दळणात कच येते, रेतीसारखी. ती कुणाच्या तरी पिठात निघून जायला हवी ना.

"त्या दिवशीच्या भाकरीचा आवाज येतो," एकनाथ म्हणाला. "मी आईला म्हणायचो, आई, तू दगड नीट का नाही घडवत? छप्पनला नागपुरात दीक्षा घेतली आणि तिनं दुसऱ्या दिवशी ते काम सोडलं. गावही सोडलं. मला शिकवलं. टाकी तेवढी बरोबर आणली."

सुवर्णानं कुणाच्याच ताटात दुसरी पोळी वाढली नाही. पायल जेवण टाकून उठली, गाडीच्या किल्ल्या घेतल्या आणि गेली.

बुधवारी संध्याकाळी दाराची घंटा वाजली. पायलबरोबर गेरिट आला होता. कुणी न सांगता त्यानं बूट बाहेर काढले, टोपी काढून गुडघ्यांवर धरली आणि सोफ्याच्या अगदी कडेला बसला. अंजनाबाई समोरच्या खुर्चीत, हाताची घडी. मध्ये पायल, जिची मराठी आज परीक्षेला बसली होती.

"तो म्हणतो, त्याला माहीत नव्हतं. तो म्हणतो, त्यांच्याकडे, म्हणजे त्याच्या डॅडच्या वेळी, जो दगड शार्प करतो ना, त्यानंच पहिलं पीठ खायचं. पॅनकेक करून. सगळ्या गावासमोर."

"काहून?"

"म्हणजे, काम वाईट केलं तर दात त्याचेच जाणार. आपल्या कामाची गॅरंटी. चक्कीवाल्याचा मान आहे तो. त्याला तुला चक्कीवाला करायचं होतं, आजी."

अंजनाबाईंनी हाताची घडी सोडली.

"त्याले सांग," त्या म्हणाल्या, "त्याच्याकडं बापानं टाकी लावली आन् बापानंच खाल्लं. आमच्याकडं टाकी मी लावो, आन् कच माह्या लेकराच्या दातात."

पायलला हे सांगायला दोनदा सुरुवात करावी लागली. गेरिटनं ऐकलं. त्यानं टोपी सोफ्यावर ठेवली. मग तो म्हणाला, आणि पायलनं डोळे पुसत सांगितलं, "तो म्हणतो, मग ते पीठ मीच खाईन. चक्की माझी आहे."

"त्याले विचार, दात हाय का तोंडात?"

"आजी!"

"विचार तर."

पायलनं विचारलं. गेरिटनं क्षणभर विचार केला, तोंडात हात घातला आणि वरची पूर्ण कवळी काढून अंजनाबाईंना दाखवली. मग बोळक्यानं काहीतरी बोलला.

"तो म्हणतो, हे धुता येतात."

अंजनाबाईंनी पदर तोंडाला लावला. पदर आधी थोडा हलला, मग जोरात हलला. सुवर्णा स्वयंपाकघरातून धावत आली, तिला वाटलं सासूबाई रडतायत.

"उद्या सकाळी सातले हीटर पेटवून ठेव म्हणा," हसू आवरून अंजनाबाई म्हणाल्या. "आन् ते दात पहिले आत घाल म्हणा. लेकरं पाहून राह्यली."

गुरुवार आणि शुक्रवार टेकाडावरून टक् टक् टक् येत राहिलं. शुक्रवारी चारच्या सुमाराला थांबलं. अंजनाबाईंनी तळहात सगळ्या दगडावरून फिरवला, आणि दगड कप्पीनं पालथा करून खालच्यावर बसवला गेला.

शनिवारी सकाळी वारा नव्हता. सगळं गाव जमलं, सभासद आले, दुकानाचा नकाशा घेऊन आलेले एक गृहस्थ घड्याळ पाहू लागले आणि पंख आराम करत होते. साडेदहाला शिडांची कड हलली. गेरिट चक्कीच्या डोक्याची साखळी ओढत होता, दोन्ही हातांनी, कुणाला मदत करू देत नव्हता. अकराला पंख फिरले, आत लाकडी दात एकमेकांत शिरले, आख्खा मजला खालून गुरगुरल्यासारखा हलला. आणि लाकडी पन्हळीतून पिठाची पहिली धार आली.

ती पहिली ओंजळ गेरिटनं घेतली. अंगणात तव्यावर पॅनकेक केला. सगळ्या गावासमोर खुर्चीवर बसून तो खायला लागला. कचाकचा आवाज तिसऱ्या रांगेपर्यंत ऐकू येत होता. कुणी हसलं नाही. एकनाथ अगदी समोर उभा होता. गेरिटनं शेवटचा तुकडा गिळला, अंजनाबाईंकडं बघून टोपी काढली आणि म्हणाला, "जयभीम."

"लय हट्टी म्हातारा हाय," अंजनाबाई म्हणाल्या आणि पदराच्या टोकानं डोळ्याला काहीतरी केलं.

त्यापुढचं दोन पोती पीठ चक्कीमागच्या खड्ड्यात गेलं. कुणाच्याच ताटात नाही, असं अंजनाबाईंनी सांगितलं होतं. मग त्यांनी धारेखाली हात धरला, चिमूट अंगठ्यात चोळली, जिभेवर ठेवली आणि मान डोलावली. गेरिटनं दार उघडलं. लोकांनी घरून धान्य आणलं होतं. पायलनं बेकरीतून नंबरांच्या चिठ्ठ्यांचं यंत्र उसनं आणलं होतं. ज्यानं त्यानं चिठ्ठी ओढायची आणि रांगेत उभं राहायचं.

नकाशावाले गृहस्थ आठव्या नंबरला उभे होते, हातात मक्याची पिशवी. नकाशा गाडीत ठेवून आले असावेत.

सतराव्या नंबरला पांढऱ्या लुगड्यात अंजनाबाई होत्या, पोटाशी पक्ष्यांच्या ज्वारीची पिशवी धरून. त्यांच्या पुढं एक तरुण जोडपं राय घेऊन, मागं एक जाड्या आजोबा गहू घेऊन, त्यांच्या मागं अजून चोवीस माणसं. पुढच्या बाईनं मागं वळून पाहिलं आणि ओळखलं. ती बाजूला झाली, तिनं नवऱ्यालाही ओढलं आणि हातानं खुणावलं, तुम्ही पुढं या. पुढचे सगळेच बाजूला सरकू लागले.

"आई, जा ना पुढं," एकनाथ म्हणाला. "मानानं बोलावतायत."

"गप," अंजनाबाई म्हणाल्या. त्यांनी हातातली चिठ्ठी त्या बाईला दाखवली, सतरा आकड्यावर बोट ठेवलं आणि तिला परत तिच्या जागेवर ढकललं. "माहा नंबर येऊ दे."

अर्ध्या तासानं आला. गेरिटनं त्यांची ज्वारी घेतली, वर ओतली आणि दुसऱ्या बाजूला त्यांची पिशवी धरली. पीठ उतरलं ते कोमट होतं. अंजनाबाईंनी पिशवीचं तोंड बांधलं आणि ती एकनाथच्या हातात दिली. त्यानं नकळत चिमूटभर घेऊन दातांखाली घातली.

"काय?" अंजनाबाईंनी विचारलं.

तो चावत राहिला. काहीच आवाज येत नव्हता.

"चल मंग," त्या म्हणाल्या, "मागं माणसं उभी हायेत."